एक इयत्ता पुढे: लुब्लियाना ते माद्रिद, एका मुलाच्या बास्केटबॉलचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या मुलाचं नाव मी घेणार नाही. त्याला 'ल' म्हणू. बास्केटबॉल बघणारा कुणीही त्याला दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ओळखेल, आणि ओळखलं तरी काही बिघडत नाही, सगळं जाहीरच आहे. तरीही नाव गाळलं, कारण नाव वाचलं की शेवट आधी आठवतो, आणि शेवट आठवला की मधला एकेक निर्णय सोपा वाटायला लागतो. 2012 साली 13 वर्षांच्या मुलाची बॅग भरणाऱ्या आईला शेवट ठाऊक नव्हता. तिच्या जागी बसून बघायचं, एवढाच या लिखाणाचा हट्ट.

पार्श्वभूमी

'ल'चा जन्म 28 फेब्रुवारी 1999 चा, लुब्लियानाचा. स्लोव्हेनिया म्हणजे जेमतेम 20 लाख वस्तीचा देश. पण युगोस्लाव्हियाच्या काळापासून बास्केटबॉल तिथल्या गल्लीबोळांत मुरलेला. त्यात वडील स्वतः व्यावसायिक खेळाडू. घरात चेंडू होता, हॉलच्या किल्ल्या ठेवणारी माणसं ओळखीची होती, आणि मोठ्यांच्या सरावात बाजूला उभं राहून टोपलीवर चेंडू फेकत बसायला कुणी मनाई करत नव्हतं. आई-वडील पुढे विभक्त झाले आणि मुलगा आईकडे वाढला.

2007 साली वडील लुब्लियानाच्या ओलिंपिया क्लबकडून खेळायला लागले, आणि 8 वर्षांचा 'ल' क्लबच्या बास्केटबॉल शाळेत गेला. पहिल्या दिवशी त्याला त्याच्याच वयाच्या मुलांत उभं केलं होतं. 16 मिनिटांनी प्रशिक्षकांनी त्याला तिथून उचललं आणि 11 वर्षांच्या मुलांत नेऊन सोडलं. ही 16 मिनिटं नंतर इतक्या वेळा सांगितली गेली की तिची आता दंतकथा झाली आहे. पण तिच्यातला खरा ऐवज निर्णयाचा आहे. प्रशिक्षकाने मुलाचं कौतुक करत बसण्याऐवजी त्याची जागा बदलली. पुढची आठ-दहा वर्षं 'ल'च्या बाबतीत हेच घडत राहिलं.

वयाच्या नियमांमुळे सामन्यात तो बहुतेकदा बेंचवरूनच यायचा. सराव मात्र थेट 14 वर्षांखालच्या गटाबरोबर. समोरची मुलं त्याच्यापेक्षा उंच, वजनदार, वेगवान. अशांपुढे अंगातला जोर चालत नाही. चेंडू पास करायची वाट आधी दिसावी लागते, पाय कधी थांबवायचे ते कळावं लागतं. आज त्याचा खेळ बघताना लोक म्हणतात की हा कधी घाईत दिसतच नाही. त्या थांबण्याचं मूळ मला इथे दिसतं. ज्याला धावून पुढे जाता येत नाही, तो समोरच्याला चुकीच्या पायावर आणायला शिकतो.

अडचण

आपल्या गटात फार पुढे असलेल्या मुलाची अडचण कुणाला अडचण वाटत नाही, हीच तिच्यातली मोठी गोम. आई-बाप खूश, क्लब खूश, मुलगाही खूश. सामना 30 गुणांनी जिंकला जातो आणि शिकायचं काही उरत नाही.

एप्रिल 2012 मध्ये रोमजवळच्या लिदोत 13 वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात लाझिओविरुद्ध 'ल'ने 54 गुण केले, 11 रिबाउंड (फटका हुकल्यावर पकडलेला चेंडू) घेतले आणि 10 असिस्ट (सोबत्याला गुण मिळवून देणारा पास) दिले. 54 पैकी 39 गुण पूर्वार्धातलेच. हा आकडा आजही त्याच्या कौतुकाच्या प्रत्येक लेखात असतो. मला तो आकडा धोक्याच्या घंटेसारखा वाटतो. पूर्वार्धात 39 गुण करणाऱ्या मुलाला समोरचा संघ काय शिकवणार? आणि सोबतची 11 मुलं त्या दुपारी काय शिकली असतील?

ओलिंपिया हा काही लहानसहान क्लब नव्हे. तेव्हा तो युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळत होता. पण 2012-13 हा त्याचा त्या स्पर्धेतला शेवटचा हंगाम ठरला, आणि योगायोग असा की त्या हंगामात त्याच्याच गटात स्पेनमधला बलाढ्य क्लब रेआल माद्रिद होता. छोट्या देशातल्या मोठ्या क्लबची ही जुनी दुखणी आहेत. मुलं तयार होतात, पण त्यांना तोडीची स्पर्धा रोज मिळत नाही. सगळा देश 20 लाखांचा, तर 13 वर्षांची, गुणी, उंच मुलं असणार किती?

प्रश्न असा होता: या मुलाला पुढची पाच वर्षं रोज कोणाविरुद्ध खेळवायचं, आणि त्यासाठी त्याला घरापासून किती लांब न्यायचं?

पर्याय

उघड पर्याय तीन होते. चौथा तेव्हा कागदावरच होता, पण आज तोच सगळ्यात मोठा झाला आहे, म्हणून त्याचाही विचार करतो.

पहिला, लुब्लियानातच राहणं. आई जवळ, भाषा आपली, शाळा तीच. इयत्ता वाढवत वाढवत 16-17 व्या वर्षी ओलिंपियाच्या मुख्य संघात. स्लोव्हेनियाचे बहुतेक नामवंत खेळाडू असेच वर आले. यात नुकसान झालंच तर हळूहळू होणार होतं. हळूहळू होणारं नुकसान कुणी मोजत नाही.

दुसरा, देशाच्या कुमार संघांवर भिस्त ठेवणं. युरोपात 16, 18 आणि 20 वर्षांखालच्या राष्ट्रीय संघांच्या अजिंक्यपद स्पर्धा दर उन्हाळ्यात होतात. संघ गटांत विभागलेले असतात, वरच्या गटातले तळाचे खाली येतात. छोट्या देशाच्या हुशार मुलाला मोठ्या देशांच्या मुलांसमोर उभं राहायची ही हक्काची जागा. याचं सगळ्यात झळझळीत उदाहरण स्पेनच्या रिकी रुबियोचं. 14 व्या वर्षी त्याने स्पेनच्या वरिष्ठ लीगमध्ये पदार्पण केलं होतं. 2006 साली लिनारेसला झालेल्या 16 वर्षांखालच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध 51 गुण, 24 रिबाउंड आणि 12 असिस्ट, तेही दोन जादा डावांपर्यंत गेलेल्या सामन्यात. 17 व्या वर्षी तो बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात खेळला. कुमार राष्ट्रीय संघातून वर येण्याची वाट कशी असते, याचा तो नकाशाच.

पण या वाटेला कॅलेंडर आहे. स्पर्धा वयाला बांधलेली असते आणि वर्षातून फार तर दोन-तीन आठवडे चालते. तिथे चमकता येतं. घडायला उरलेले 49 आठवडे लागतात, आणि ते आठवडे क्लबच्या हातात असतात.

तिसरा पर्याय माद्रिदचा. रेआल माद्रिदने त्याला आधीच जोखून बघितलं होतं. फेब्रुवारी 2012 मध्ये, 13 वर्षं पूर्ण व्हायच्या आत, 'ल' उसना खेळाडू म्हणून रेआल माद्रिदकडून मिनिकोपा खेळला होता. मिनिकोपा ही स्पेनमधल्या क्लबांच्या 14 वर्षांखालच्या संघांची स्पर्धा, मोठ्यांच्या राजाचषकाला, म्हणजे स्पॅनिश क्लबांच्या चषक स्पर्धेला, जोडून भरणारी. वयाने एक वर्ष लहान, भाषा येत नाही, सोबती अनोळखी. तरी सामन्यामागे सरासरी 13 गुण आणि 3 च्या वर स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू). संघ बार्सिलोनाच्या मागे दुसरा आला.

स्टीलच्या त्या आकड्यावर क्षणभर थांबावंसं वाटतं. परक्या संघात गेलेल्या मुलाला चेंडू कोणी फारसा देत नाही. मग तो चेंडू मिळवायची एकच वाट उरते: समोरच्याच्या हातातून. मी निवड समितीवर असतो तर गुणांच्या रकान्याआधी हा रकाना बघितला असता.

चौथा पर्याय अमेरिकन शाळा आणि मग कॉलेजचा. 2012 मध्ये तिथल्या कॉलेज खेळात खेळाडूला मोबदला निषिद्ध होता, आणि व्यावसायिक करार केलेल्याला ते दार जवळजवळ बंद होतं. माद्रिदची सही म्हणजे या पर्यायावर काट, असा हिशेब होता.

निर्णयाचा पहिला क्षण: सप्टेंबर 2012

सप्टेंबर 2012 मध्ये 'ल'ने रेआल माद्रिदशी पाच वर्षांचा करार केला. वय 13 वर्षं 6 महिने.

अल्पवयीन खेळाडूने देश बदलणं ही साधी गोष्ट नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत 18 वर्षांखालच्याचं परदेशी स्थलांतर मुळात वर्ज्य, आणि परवानगी मिळते ती अपवाद म्हणून. मुलाच्या शिक्षणाची सोय काय, राहण्याची काय, आधीच्या क्लबला काय मिळणार, असे प्रश्न त्यात विचारले जातात. कागद पुरे करता येतात. 13 व्या वर्षी वसतिगृहातल्या खोलीत रात्री कोणाशी बोलायचं, याचा रकाना अर्जात नसतो.

'ल' क्लबच्या वसतिगृहात राहिला. आई सुरुवातीला लुब्लियानात होती, नंतर माद्रिदला आली. त्याला स्पॅनिश येत नव्हती. इथे खेळाने एक उपकार केला. चढाईची आकृती फळ्यावर काढली की ती कुठल्याही भाषेत तीच असते. जेवणाच्या टेबलावर मात्र आकृती चालत नाही. सांघिक खेळात परदेशी मुलाचा पहिला हंगाम बहुतेकदा टेबलावर बुडतो, मैदानावर नाही.

क्लबच्या बाजूनेही यात हिशेब होता आणि तो लपवायचं कारण नाही. स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक संघात ठरावीक संख्येने 'इथेच घडलेले' खेळाडू असावे लागतात. त्यात पासपोर्ट बघत नाहीत. घडण्याच्या वयात किती हंगाम स्पेनमध्ये नोंदणी होती, ते मोजतात. म्हणजे 13 व्या वर्षी आणलेला स्लोव्हेनियाचा मुलगा 17 व्या वर्षी नियमाच्या दृष्टीने घरचा होतो. स्पॅनिशमध्ये क्लबच्या कुमार विभागाला 'कांतेरा' म्हणतात. शब्दशः दगडांची खाण. खाणीत दगड बाहेरून आणून टाकायची ही युक्ती मला थोडी गमतीची वाटते, पण नियम तो नियम.

काय केलं

पुढच्या पाच वर्षांचा तपशील देताना सगळ्या स्पर्धा मोजत नाही. त्यातलं सूत्र तेवढं बघू: जी स्पर्धा जिंकली ती परत खेळवली नाही, किंवा खेळवली तर जोडीला वरची स्पर्धा लावली.

2013 च्या फेब्रुवारीत व्हितोरियाला पुन्हा मिनिकोपा. आता तो उसना नव्हता. सरासरी 24.5 गुण, 13 रिबाउंड. अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध 25 गुण, 16 रिबाउंड, 5 स्टील, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. एका वर्षात 13 चे 24.5 गुण झाले, यात अंगाची वाढ किती आणि खेळाची किती, हे सांगणं अवघड. तिथून तो 16 वर्षांखालच्या गटात गेला.

याच वयात उंच मुलांवर एक अन्याय सर्रास होतो. पोरगं उंच आहे ना, मग टोपलीखाली उभं करा, रिबाउंड घेऊ दे. संघ जिंकतो. दोन वर्षांनी बाकीची मुलं त्याच्या उंचीला पोचतात, आणि याला चेंडू घेऊन मैदान पार करता येत नाही. 'ल'च्या हातात चेंडू राहू दिला गेला. आज दोन मीटर उंचीचा माणूस पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू हातात ठेवून चढाई आखणाऱ्याची, कामं करतो याचं नवल वाटतं, पण ते नवल 14 व्या वर्षी त्याला टोपलीखाली न पाठवण्याचं फळ आहे.

2014-15 चा हंगाम या प्रकरणातला सगळ्यात विचारपूर्वक आखलेला भाग. 15 वर्षांचा 'ल' एकाच हंगामात तीन पातळ्यांवर खेळला. एक, क्लबच्या 18 वर्षांखालच्या संघाकडून. दोन, राखीव संघाकडून लिगा एबात, म्हणजे स्पेनच्या तेव्हाच्या चौथ्या श्रेणीच्या लीगमध्ये, मोठ्या माणसांविरुद्ध. तीन, हंगामाच्या शेवटी मुख्य संघाकडून.

लिगा एबाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथे 25-30 वर्षांचे, पोट सुटायला लागलेले, दिवसा नोकरी करून संध्याकाळी खेळणारे लोकही असतात. ते उडी मारत नाहीत, पण कोपर कुठे ठेवायचं ते त्यांना ठाऊक असतं. पंच बघत नसताना शर्ट कसा धरायचा, तेही. कुमारांच्या स्पर्धेत हे शिक्षण मिळत नाही. तिथे त्याची सरासरी 13.5 गुणांची होती. 54 च्या मानाने किती साधा आकडा, आणि किती जास्त मोलाचा.

जानेवारी 2015 मध्ये बार्सिलोनाजवळच्या लॉस्पितालेतला 18 वर्षांखालच्या क्लबांची स्पर्धा झाली, तिथे विजेतेपद. मे महिन्यात माद्रिदला युरोलीगच्या कुमार स्पर्धेची अंतिम फेरी. समोर बेलग्रेडचा त्सर्वेना झ्वेझ्दा. 1997 ला जन्मलेल्या मुलांसाठीच्या स्पर्धेत 1999 चा हा मुलगा सर्वोत्तम ठरला. त्याच दिवसांत, त्याच शहरात, रेआल माद्रिदच्या मुख्य संघाने ऑलिंपियाकोसला हरवून युरोलीग जिंकली. कुमार स्पर्धा मोठ्यांच्या अंतिम फेरीला जोडून भरवतात ती उगाच नाही. मुलाला आपण कुठे जायचं ते डोळ्यांनी दिसतं.

निर्णयाचा दुसरा क्षण: 30 एप्रिल 2015

त्याआधी दोन-अडीच आठवडे, 30 एप्रिलला, मुख्य संघाचे प्रशिक्षक पाब्लो लासो यांनी त्याला त्या संघाकडून मालागाच्या उनिकाहा क्लबविरुद्ध उतरवलं. वय 16 वर्षं, 2 महिने, 2 दिवस. क्लबच्या इतिहासात स्पेनच्या लीगमध्ये इतक्या लहान वयात कुणी उतरलं नव्हतं. काही मिनिटंच मिळाली. पहिला फटका तीन गुणांचा आणि तो आत.

या पदार्पणाइतकाच त्यानंतरचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. पदार्पण झालेल्या मुलाला कुमार स्पर्धेत परत पाठवलं. पुष्कळ ठिकाणी हे जमत नाही. मुलाला अपमान वाटतो, एजंट फोन करतो, घरच्यांना वाटतं आता मागे कशाला. इथे 16 वर्षांचा मुलगा एप्रिलमध्ये मोठ्यांबरोबर बसला आणि मे महिन्यात मुलांचं नेतृत्व करायला गेला. एकीकडे काही मिनिटांचा माणूस, दुसरीकडे पूर्ण सामन्याचा. दोन्ही भूमिका एकाच महिन्यात.

2015-16 पासून तो मुख्य संघातच. 16 ऑक्टोबर 2015 ला खिमकीविरुद्ध युरोलीगमध्ये पदार्पण. 2016-17 मध्ये युरोलीगचा उदयोन्मुख खेळाडू. मग 9 ऑगस्ट 2017 ला एक अशी घटना घडली जी कुठल्याच आराखड्यात नव्हती. संघाचा मुख्य गार्ड सर्जिओ युल याचा स्पेनकडून सराव सामना खेळताना गुडघ्याचा लिगामेंट तुटला. संपूर्ण हंगामाचा चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला आणि उत्तर 18 वर्षांचं होतं. विकासाच्या आराखड्यांत नशिबाचा रकाना ठेवत नाहीत. ठेवायला हवा.

निर्णयाचा तिसरा क्षण: देश कोणता

आता या प्रकरणातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. आंतरराष्ट्रीय कुमार बास्केटबॉलमधल्या या मुलाने आंतरराष्ट्रीय महासंघाची कुमारांची एकही अजिंक्यपद स्पर्धा खेळली नाही. 16 वर्षांखालची नाही, 18 ची नाही, 20 ची नाही. देशाच्या शर्टातली त्याची पहिली मोठी स्पर्धा म्हणजे थेट 2017 ची वरिष्ठ युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची अजिंक्यपद स्पर्धा.

न खेळण्यामागे कोणाचा किती वाटा, यात शिरत नाही. परिणाम मात्र नियमात बसवून बघता येतो. महासंघाच्या अधिकृत स्पर्धेत 17 वर्षं पूर्ण झाल्यावर एका देशाकडून खेळलं की दुसऱ्या देशाकडून खेळणं जवळपास अशक्य. शिवाय 16 वर्षांनंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू संघात चालतो. स्पेनमध्ये वाढणाऱ्या मुलासाठी ही दोन वयं फार जवळजवळ येतात. स्पेन त्याला आपल्याकडे घेईल का, याची चर्चा तेव्हा जोरात होती. उन्हाळे रिकामे राहिले, तोवर दोन्ही दारं किलकिली होती. 2016 च्या अखेरीस त्याने स्लोव्हेनियाकडूनच खेळणार असं ठरवलं आणि विषय संपला.

मोठ्या देशाचा संघ घेतला असता तर पदकं जवळजवळ हमखास. पण तिथे तो आठव्या-नवव्या नंबरचा तरुण असता. स्लोव्हेनियात संघाचा आघाडीचा खेळाडू गोरान द्रागिच याच्या शेजारी दुसऱ्या नंबरचा. ज्या तर्काने तो आयुष्यभर मोठ्या पोरांत खेळत आला, त्या तर्काने बघितलं तर स्पेन निवडायला हवं होतं. त्याने उलटं केलं. मला हा निर्णय भावनेचा वाटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. 13 व्या वर्षी सोडलेल्या गावाचं काहीतरी देणं माणसाला वाटत असेल.

निष्पत्ती

सप्टेंबर 2017 मध्ये स्लोव्हेनिया एकही सामना न हरता युरोपविजेती झाली. उपांत्यपूर्व फेरीत लॅटव्हियाविरुद्ध 'ल'चे 27 गुण. उपांत्य सामन्यात समोर स्पेनच, 92-72. 18 व्या वर्षी तो स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत आला, सरासरी 14.3 गुण आणि 8.1 रिबाउंड.

मे 2018 मध्ये बेलग्रेडला फेनरबाहचेला 85-80 ने हरवून रेआल माद्रिदने युरोलीग जिंकली. 'ल' त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, अंतिम फेरीचाही. 19 जूनला स्पेनची लीग जिंकली आणि 21 जूनला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट, जिथे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात. मध्ये फक्त एक मोकळा दिवस.

ड्राफ्टमध्ये तो तिसरा उचलला गेला, अटलांटाकडून, आणि लगेच डॅलसकडे गेला. पहिली निवड होती फिनिक्सची, आणि फिनिक्सचे नवे प्रशिक्षक कोण, तर स्लोव्हेनियाला युरोपविजेतं करणारे इगोर कोकोश्कोव्ह. ज्या संघाच्या प्रशिक्षकाने हा मुलगा सर्वांत जवळून बघितला होता, त्या संघाने दुसऱ्याला घेतलं. पहिल्या एनबीए हंगामात 'ल'ची सरासरी 21.2 गुणांची होती आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.

वेगळं काय करता आलं असतं

13 व्या वर्षीचा निर्णय बरोबर होता असं मी लिहीत नाही. तो फळला, एवढंच खरं. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वसतिगृहांत दर वर्षी बाहेरदेशीची मुलं येतात आणि त्यातली बहुतेक मुख्य संघापर्यंत पोचत नाहीत. त्यांचे प्रकरण अभ्यास कोणी लिहीत नाही. 'ल'सारखंच सगळं केलं, तीच खोली, तोच सराव, आणि 17 व्या वर्षी गुडघा गेला किंवा उंची थांबली, तर तोच निर्णय आपण निष्काळजीपणाचा म्हटला असता. म्हणून अशा करारात शाळेचा शेवट लिहून घ्यावा. खेळ थांबला तर शिक्षण कोण, कुठे आणि किती वर्षं देणार, हे 13 व्या वर्षीच कागदावर हवं. आणि पालकांपैकी एकाचं स्थलांतर पहिल्या दिवसापासून कराराचा भाग असावं.

दुसरं शरीराचं. ऑगस्ट 2017 च्या अखेरीपासून 19 जून 2018 पर्यंत 'ल' जवळजवळ अखंड खेळला: युरोबास्केट, स्पेनची लीग, युरोलीग, चषक. 18-19 वर्षांच्या मुलासाठी हे फार झालं. युल जखमी होता, संघाला गरज होती, सगळं मान्य. पण कुमार वयात सामने मोजून देणारी यंत्रणा तो मोठा ठरताच मोजणं सोडून देते. पासपोर्टवरचं वय बदललेलं नसतं. संघाबाहेरचा एक डॉक्टर, ज्याच्या शब्दावर सामना चुकवता येईल, एवढी तजवीज तरी हवी होती.

तिसरं, काळ बदलला आहे. 2021 पासून अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि 2025 च्या जुलैपासून कॉलेजं थेट वाटाही देऊ शकतात. युरोपातली 18-19 वर्षांची मुलं आता व्यावसायिक क्लब सोडून कॉलेजात जाताहेत. 'ल' आज 13 वर्षांचा असता तर चौथा पर्याय काटता आला नसता, आणि माद्रिदच्या क्लबलाही पाच वर्षं घडवलेला मुलगा 18 व्या वर्षी हातचा जाईल हे धरून करार करावा लागला असता.

शेवटचा मुद्दा कुमार स्पर्धांच्या आकड्यांचा. 54 गुण, 25 गुण, सर्वोत्तम खेळाडूचे चषक, या सगळ्यांत एक गृहीत होतं की सामना 'ल' संपवणार. इस्तंबूलला 17 सप्टेंबर 2017 च्या अंतिम सामन्यात सर्बियाविरुद्ध तिसऱ्या डावात त्याचा घोटा दुखावला आणि तो बाहेर गेला. चौथ्या डावात 35 गुण केलेला द्रागिचही पायात गोळे येऊन बेंचवर बसला. शेवटची मिनिटं दोघं कडेला, आणि मैदानात क्लेमेन प्रेपेलिच व बाकीचे. 93-85 ने सामना संपला तेव्हा 18 वर्षांचा मुलगा उड्या मारत मैदानात शिरला, एका पायावर.